हे गणित नेमकं कोणत्या गणितासारखं आहे? शाब्दिक उदाहरणं आणि साम्याची रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी आठवीत आहे, आकडेमोड चोख आहे, समीकरण मांडून दिलं तर ती सोडवते. पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. एकाच प्रकरणातली ढीगभर उदाहरणं सोडवून घेतली तरी पुढचं उदाहरण तिला नवंच वाटतं. अशा मुलीला 'हे आधीच्या त्या उदाहरणासारखं आहे' असं ओळखायला शिकवावं का? की त्यानं ती नुसते साचे पाठ करू लागेल?

शिकवावं, आणि ठरवून शिकवावं. साचे पाठ होण्याची भीती खरी आहे, पण ती साम्य शोधल्यामुळे येत नाही, चुकीच्या जागी शोधल्यामुळे येते. दोन गणितं सारखी आहेत असं म्हणताना त्यांतल्या वस्तू सारख्या आहेत की त्या वस्तूंमधलं नातं सारखं आहे, हा सगळा कळीचा मुद्दा आहे. माझ्या या उत्तराचा बहुतेक भाग त्यावरच आहे.

मुलांना सारखेपणा दिसत नाही असं अजिबात नाही. त्यांना तो लगेच दिसतो, पण गोष्टीत दिसतो. गाडी आली की वेगाचं गणित, नळ आला की टाकीचं, वय आलं की 'पाच वर्षांपूर्वी'चं. मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी १९८१ मध्ये भौतिकशास्त्राच्या उदाहरणांवर हेच दाखवलं. नवशिक्यांना उदाहरणांचे गट करायला सांगितले, तेव्हा त्यांनी उतरणीची एकीकडे आणि स्प्रिंगची दुसरीकडे ठेवली. मुरलेल्या लोकांनी मात्र ऊर्जेच्या अक्षय्यतेनं सुटणारी एका गटात घातली, मग त्यांत उतरण असो की स्प्रिंग. तुमची मुलगी पहिल्या गटासारखी वागते आहे. तिथून सगळेच सुरुवात करतात.

याहून मोठी अडचण म्हणजे, योग्य उदाहरण माहीत असलं तरी ते ऐन वेळी आठवत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचा १९८० मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रश्न असा होता: पोटातली गाठ किरणांनी नष्ट करायची आहे. किरण जोरदार सोडले तर वाटेतले निरोगी भाग जळतात, सौम्य सोडले तर गाठ जात नाही. काय करावं? उत्तर असं, की अनेक बाजूंनी सौम्य किरण एकाच वेळी गाठीवर एकवटायचे. नुसता प्रश्न दिला तर साधारण दहातला एखादाच हे उत्तर देई. काहींना आधी एका किल्ल्याची गोष्ट वाचायला दिली होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर सुरुंग पेरलेले असतात आणि मोठी फौज गेली की ते उडतात, म्हणून सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करून सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो. ही गोष्ट वाचूनही आपणहून उत्तरापर्यंत पोचले ते सुमारे ३० टक्के. 'मघाची गोष्ट वापरून बघा' एवढं सांगितल्यावर मात्र सुमारे ७५ टक्के लोकांना उत्तर सापडलं. गोष्ट डोक्यात होती, पण तिच्याकडे बोट दाखवणारं कोणीतरी लागत होतं. एका साच्याची उदाहरणं रांगेनं सोडवून हे बोट दाखवणं शिकता येत नाही, कारण तिथे प्रकरणाचं नावच ते काम करून टाकतं. सरावात जमलेलं मिश्र उदाहरणसंग्रहात किंवा परीक्षेत जमत नाही ते यामुळे.

आता प्रत्यक्ष उदाहरणं घेऊ. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? हे बहुतेक मुलांना येतं. पहिला तासाला १/६ टाकी भरतो, दुसरा १/३, मिळून १/२, म्हणून २ तास.

लगेच दुसरं द्या. दोन गावांमधला रस्ता पार करायला एका सायकलस्वाराला ६ तास लागतात आणि दुसऱ्याला ३. दोघं दोन टोकांकडून एकाच वेळी समोरासमोर निघाले, तर किती वेळानं भेटतील? इथे वर्गातून हमखास आवाज येतो, "अंतर दिलेलंच नाही!" त्याच क्षणी विचारायचं, "टाकी किती लिटरची होती ते दिलं होतं का?" थोडी शांतता पसरते, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की टाकी म्हणजे रस्ता. पहिला स्वार म्हणजे पहिला नळ, दुसरा म्हणजे दुसरा. टाकी भरणं म्हणजे दोघांनी मिळून रस्ता संपवणं, म्हणजेच भेटणं. उत्तर तेच, २ तास.

मी इथे वहीत दोन रकाने आखायला लावतो. डावीकडे ओळखीचं गणित, उजवीकडे नवं. डाव्या रकान्यात टाकी, पहिला नळ, दुसरा नळ, 'भरली' हा क्षण. उजव्या रकान्यात प्रत्येकाच्या समोर त्याचा जोडीदार. जोडीदार नुसता नावानं लिहून भागत नाही, तो काय काम करतो तेही लिहायचं: 'तासाला एकाचा सहावा भाग संपवतो'. कुणाचा जोडीदार सापडला नाही तर ती जागा रिकामी ठेवायची, काहीतरी कोंबायचं नाही. वेळ जातो, मुलं कुरकुरतात, तरी यावर मी अडून बसतो. साम्य मनातल्या मनात धूसर ठेवलं की ते फसवतं, कागदावर आलं की तपासता येतं.

आता हेच साम्य थोडं ताणून बघू. घड्याळाचे दोन्ही काटे १२ वाजता एकमेकांवर असतात. ते पुन्हा एकमेकांवर कधी येतील? या गणिताला मुलं फार घाबरतात. पण गळक्या टाकीचं गणित त्यांनी केलेलं असतं: नळ भरतो, तळाचं भोक रिकामं करतं. इथे टाकी कोणती? मिनिटकाट्याला तासकाट्यावर एक पूर्ण फेरी आघाडी घ्यायची आहे, ती आघाडी म्हणजे टाकी. मिनिटकाटा तासाला एक फेरी भर घालतो, तो नळ. तासकाटा पुढे सरकून तासाला १/१२ फेरी आघाडी खातो, ते भोक. निव्वळ भर तासाला ११/१२. म्हणून १२/११ तास, म्हणजे १ तास ५ पूर्णांक ५/११ मिनिटं. नवं सूत्र एकही लागलं नाही.

पण इथेच पुढचा प्रश्न विचारा: दोन्ही गणितं कुठे वेगळी आहेत? टाकी भरली की काम संपतं. काट्यांची आघाडी एक फेरी झाली की पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून १२ तासांत काटे ११ वेळा एकमेकांवर येतात. हे ११ टाकीच्या गणितात कुठेच नाही. साम्य कुठे संपतं ते सांगता आलं, की मूल साचा पाठ करत नाही आहे याची खात्री धरावी. तुमच्या भीतीवर माझ्याकडे असलेला सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे.

साम्याचा दुसरा मोठा उपयोग चूक दिसण्यासाठी होतो. जाताना ताशी ६० किलोमीटर, येताना त्याच रस्त्यानं ताशी ४०. सरासरी वेग किती? बहुतेक जण ५० म्हणतात. त्यांना ४८ हे उत्तर सूत्रानं पटवता येतं, पण ते मनाला पटत नाही. त्याऐवजी हे विचारा: एका वर्गात २० मुलं, सरासरी गुण ६०. दुसऱ्या वर्गात ३० मुलं, सरासरी गुण ४०. दोन्ही वर्गांची मिळून सरासरी किती? इथे पटकन ५० म्हणणारं मूलही थबकतं, कारण दुसऱ्या वर्गात मुलं जास्त आहेत हे डोळ्यांसमोर असतं. एकूण गुण १२०० आणि १२००, मुलं ५०, सरासरी ४८. आता जोड्या लावा. वेग म्हणजे वर्गाची सरासरी, तास म्हणजे मुलांची संख्या, अंतर म्हणजे एकूण गुण. रस्ता १२० किलोमीटरचा धरला तर जाताना २ तास, येताना ३ तास. हळू येणाऱ्या 'वर्गात' तास जास्त आहेत, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. जाण्यायेण्याचं अंतर सारखं असणं म्हणजे दोन्ही वर्गांचे एकूण गुण सारखे असणं, मुलांची संख्या सारखी असणं नव्हे. पन्नासची चूक नेमकी इथे होते, आणि ती वेगाच्या गणितात दिसत नाही, गुणांच्या गणितात उघडी पडते.

जोड्या लावताना मुलं घसरतात ती एका ठरावीक जागी. ब्रायन रॉस यांनी १९८७ मध्ये संभाव्यतेच्या उदाहरणांवर हे तपासलं. सोडवलेल्या उदाहरणातल्याच प्रकारची माणसं आणि वस्तू नव्या उदाहरणात आणल्या, पण त्यांच्या भूमिकांची अदलाबदल केली. विद्यार्थ्यांनी सूत्रात आकडे घातले ते माणसांकडे आणि वस्तूंकडे बघून, भूमिकेकडे बघून नाही. म्हणून 'गाडीसमोर गाडी, माणसासमोर माणूस' अशी जोडी आपोआप लागली की तिथे जास्त सावध राहायला हवं. मी मुद्दाम अशी जोडगोळी देतो: पहिल्या उदाहरणात यंत्रांची संख्या दिलेली आणि दिवस शोधायचे, दुसऱ्यात दिवस दिलेले आणि यंत्रं शोधायची.

आपल्या जुन्या गणितात ही काळजी रीतीतच घालून ठेवलेली आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) त्रैराशिक येतं, तिथे तीन राशींना नावं आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात, त्या पहिल्या आणि शेवटच्या जागी मांडायच्या, आणि वेगळ्या जातीचं फल मध्ये. मग इच्छेला फलानं गुणून प्रमाणानं भागायचं. प्रत्येक आकड्याला आधी भूमिका द्यायची आणि मगच आकडेमोड, असा हा क्रम आहे. व्यस्त त्रैराशिक वेगळं सांगितलेलं आहे, कारण राशी त्याच असल्या तरी नातं उलटं असतं. आठवीच्या मुलीला समचलन आणि व्यस्तचलन शिकवताना ही तीन नावं जरूर द्यावीत. 'यातलं प्रमाण कोणतं, फल कोणतं?' हा प्रश्न 'सूत्र कोणतं?' यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

त्रैराशिक इतकं हाताशी असतं की ते नको तिथेही लावलं जातं. दोघी एकाच वेगानं मैदानाला फेऱ्या मारतात, पण पहिलीनं आधी सुरुवात केली. पहिलीच्या ८ फेऱ्या झाल्या तेव्हा दुसरीच्या ४ झाल्या होत्या. दुसरीच्या १२ होतील तेव्हा पहिलीच्या किती? 'दुप्पट, म्हणजे २४' हे उत्तर धडाधड येतं. बरोबर उत्तर १६, कारण वेग सारखा म्हणजे फरक कायम, पट कायम नव्हे. तसंच २ मीटर बाजूच्या चौरस भिंतीला रंग द्यायला ४ तास लागले, तर ६ मीटर बाजूच्या चौरसाला १२ तास लागत नाहीत, ३६ लागतात. बाजू तिप्पट झाली, पण रंगवायचं क्षेत्रफळ नऊपट झालं. वाक्यरचना अगदी त्रैराशिकाची, नातं निराळं. त्रैराशिक लावण्याआधी एकच चाचणी करायला लावा: एक राशी दुप्पट केली तर दुसरी खरंच दुप्पट होते का? धावणाऱ्या मुलींचं चित्र डोळ्यांसमोर आणलं तरी हे कळतं.

जुनं उदाहरण आठवतच नसेल तर? तर नवं गणितच लहान करून त्याचं सोपं भावंड तयार करावं. मला हे सगळ्यात हुकमी वाटतं, आणि शाळेत याचा वापर फारच कमी होतो. एक लिटर रंगात १२ चौरस मीटर भिंत होते, तर ०.७५ लिटरमध्ये किती? पुष्कळ मुलं इथे भागाकार करतात, कारण उत्तर १२ पेक्षा कमी यायला हवं हे त्यांना जाणवतं आणि गुणाकारानं संख्या वाढते असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ०.७५ च्या जागी ३ लिहा. तीन लिटरमध्ये किती? १२ गुणिले ३, यात कुणाला शंका नसते. आकडा बदलल्यानं नातं बदललं नाही, म्हणून इथेही गुणाकारच: १२ × ०.७५ = ९. १०० मीटरच्या सरळ रस्त्यावर दोन्ही टोकं धरून दर ५ मीटरवर खांब असतील तर किती, हे अडलं तर १० मीटरचा रस्ता काढा. खांब तीन दिसतात, अंतरं दोन. मग १०० मीटरला २१ हे सांगावं लागत नाही. रस्त्याऐवजी बंद वर्तुळ असेल तर पहिला आणि शेवटचा खांब एकच होतो आणि उत्तर २० येतं, हेही लहान चित्रातच कळतं.

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये अडलेल्या विद्यार्थ्यासाठी दिलेला एक सल्ला इथे जोडतो: आधी अज्ञाताकडे बघा, आणि ज्यात हेच अज्ञात होतं असं ओळखीचं उदाहरण आठवा. मुलं आठवताना दिलेल्या माहितीपासून सुरू करतात, म्हणजे गोष्टीपासून. शोधायचं काय आहे तिथून सुरू केलं तर गोष्ट बाजूला पडते. 'दोन गोष्टी एकत्र येण्याची वेळ काढायची आहे' एवढंच म्हटलं की नळ, सायकलस्वार आणि घड्याळ एका रांगेत येतात.

घरी काय करायचं, ते आता. एका वेळी दोन सोडवलेली उदाहरणं शेजारीशेजारी ठेवा आणि 'यांत सारखं काय?' हे तिला स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. गिक आणि होलिओक यांनाच १९८३ मध्ये आढळलं की एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या आणि त्यांची तुलना करायला लावली, तर तिसऱ्या प्रश्नात कल्पना आपणहून सुचण्याचं प्रमाण बरंच वाढतं. एका उदाहरणावरून मुलाला गोष्ट लक्षात राहते. दोघांच्या तुलनेतून त्यांच्यातलं नातं वेगळं काढता येतं. दोन उदाहरणांच्या गोष्टी जितक्या निराळ्या तितकं चांगलं, फक्त पहिल्या दिवशी फार लांबची जोडी देऊ नका. नळ आणि सायकलस्वार आधी, घड्याळ नंतर.

दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहिली पाहिजेत. एक पुसून दुसरं लिहिलं की तुलना स्मरणशक्तीवर पडते आणि तिथेच गळपटते. लिंडसे रिचलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, हाँगकाँग आणि जपानमधल्या आठवीच्या गणिताच्या तासांची चित्रणं तपासली (२००७). साम्यं तिन्हीकडचे शिक्षक देत होते. पण हाँगकाँग आणि जपानमधले शिक्षक आधीचं उदाहरण फळ्यावर तसंच ठेवत, नवं त्याच्या शेजारी ओळीला ओळ जुळवून लिहीत आणि हातानं एकाकडून दुसऱ्याकडे दाखवत. अमेरिकेतल्या तासांत हे बरंच कमी दिसलं. घरी फळा नसेल तर वही आडवी धरली तरी चालतं.

दुसरा उपाय म्हणजे तिलाच उदाहरणं रचायला लावणं. '१/६ + १/३ हे ज्यात येईल असं, पण नळ नसलेलं उदाहरण तयार कर.' यातून तिच्या मनातली नाती लगेच कळतात. मिरियम बॅसॉक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (१९९८) विद्यार्थ्यांना वस्तूंच्या जोड्या देऊन बेरजेची आणि भागाकाराची उदाहरणं रचायला सांगितली होती. दोन प्रकारची फुलं दिली की बेरजेचं उदाहरण सहज जमे, फुलं आणि फुलदाण्या दिल्या की भागाकाराचं. वस्तूच क्रिया सुचवत होत्या. रोजच्या व्यवहारात ही सूचना बहुधा बरोबर असते, म्हणून ती मोडून काढायची गरज नाही. फक्त फुलं आणि फुलदाण्या असूनही बेरीज लागेल असं एखादं उदाहरण तिच्याकडून रचून घ्या.

परीक्षेत हे सगळं करायला वेळ कुठे, असं विचाराल. परीक्षेत रकाने आखायचे नसतात. सरावाच्या काळात ते आखलेले असले की परीक्षेत 'इथली टाकी कोणती?' एवढा एक प्रश्न मनात पुरतो. म्हणून सरावाची उदाहरणं संख्येनं कमी करा, आणि ती एका प्रकरणातली नसून मिसळलेली असू द्या. कधीकधी तिला सोडवायला सांगूच नका. दहा उदाहरणं देऊन नुसते गट करायला लावा आणि प्रत्येक गटाला तिच्याकडूनच नाव घ्या. गटाचं नाव 'गाड्या' असं आलं तर अजून काम आहे. 'दोघं मिळून एक पूर्ण करतात' असं आलं तर पुढचं प्रकरण घ्यायला हरकत नाही.

सुरुवातीला हे एक द्या, कारण याचं साम्य अर्धंच चालतं. सारख्या उंचीच्या दोन मेणबत्त्या एकदम पेटवल्या. एक ३ तासांत पूर्ण जळते, दुसरी ४ तासांत. एकीची उंची दुसरीच्या दुप्पट कधी असेल? ती नळासारखे १/३ आणि १/४ लिहील, ते बरोबर आहे. मग सवयीनं त्यांची बेरीज किंवा वजाबाकी करू पाहील, तिथे तिला थांबवून रकाने आखायला सांगा. ते दोन दर जुळतात, पण 'टाकी भरली' या ओळीसमोर उजवीकडे जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागी तिनं 'उरलेली एक उंची = २ × उरलेली दुसरी उंची' असं स्वतःहून लिहिलं, की १ − क्ष/४ = २(१ − क्ष/३) हे समीकरण तिच्या हातात आलं. ते तिला सोडवता येतंच. उत्तर २ तास २४ मिनिटं, आणि ताळा करायला त्या क्षणी उरलेल्या उंची २/५ आणि १/५.